लेवी बॉडी स्मृतिभ्रंश : जोडीदाराची घरची शुश्रूषा

मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे गोळे साचल्याने स्मृतिभ्रंश आणि कंपवातासारखी लक्षणे सोबतच आणणारा आजार. हे गोळे फ्रिडरिख लेवी यांनी १९१२ मध्ये प्रथम वर्णिले. बुद्धीची घसरण हालचालींच्या तक्रारींआधी किंवा त्यानंतर वर्षभरात दिसली तर हे नाव देतात; कंपवात जुना असून विसरभोळेपणा मागून आला तर पार्किन्सन्सचा (म्हणजे कंपवाताचा) स्मृतिभ्रंश म्हणतात. घरातली काळजी दोन्हींत जवळपास एकच.

मराठवाड्यात या आजाराला म्हातारचळ म्हणून सोडून दिले जाते, नाहीतर ‘बाहेरचं’ समजून अंगारेधुपारे होतात. ओळखीची खूण विस्मरण नव्हे, चढउतार आहे. सकाळी पिकाचा हिशेब चोख सांगणारा माणूस दुपारी सदऱ्याची बाही हातात धरून नुसता बसतो. घरचे म्हणतात, सोंग करतोय. ते सोंग नसते. झोपेत ओरडणे, लाथा झाडणे हे तर कित्येकदा बरीच वर्षे आधीपासून चाललेले असते.

सर्वांत मोठा धोका औषधांचा. भास होतात, रात्री आरडाओरडा होतो म्हणून हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले की काही रुग्णांचे अंग लाकडासारखे ताठरते, गिळणे थांबते, प्रसंगी जीवावर बेतते. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइडही ताठरपणा वाढवते. थरथरीवरच्या ट्रायहेक्सीफेनिडिलने गोंधळ वाढतो. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर निदान आणि ही नावे लाल शाईने लिहून ठेवावीत, आणि गावातल्या दवाखान्यात सुई घेण्याआधी ते पान दाखवावे. कंपवातावरच्या लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने द्यावी. दूध, डाळ यांतले प्रथिन आणि लोहाच्या गोळ्या तिचा गुण कमी करतात. ही गोळी डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये.

भासांत बहुधा मुले, माणसे, जनावरे दिसतात. “ओसरीवर पोरं बसलीत” असे मालक म्हणाले तर “कुठं काय?” म्हणून वाद घालू नये आणि पोरांना जेवायलाही वाढू नये. “मला नाही दिसत, पण मी इथंच आहे, भिऊ नका” एवढे पुरते. दिवेलागणीच्या आत दिवा लावावा, आरसा झाकावा, खुंटीवरचे कपडे काढून ठेवावेत. सावल्यांचीच माणसे होतात. काहींना आपली बायकोच तोतया वाटते. हे सर्वांत जिव्हारी लागणारे लक्षण. अशा वेळी खोलीबाहेर जाऊन आधी आवाज द्यावा, मग आत यावे. चेहरा फसवतो तेव्हा आवाज पुष्कळदा ओळखू येतो. गोंधळ एकाएकी वाढला तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, ताप पाहावा.

बाजेची झोळ पडलेली सुतळी उठताना माणसाला आत ओढते. तिच्याऐवजी गुडघ्याइतक्या उंचीचा कडक पलंग हवा. उठवताना दंड ओढू नये: बूड कडेला, पाऊल गुडघ्याच्या किंचित मागे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके वाकणे, आणि एक-दोन-तीन. उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटले तर ढकलू नये, माणूस तोंडावर पडतो. जमिनीवर पावलाएवढ्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवून “ह्या पट्टीवर पाय टाका” म्हटले की पाय सुटतो. वळताना जागच्या जागी नव्हे, मोठा फेर घेऊन वळवावे. न्हाणीत पाट काढून खुर्ची ठेवावी.

उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे पाय सोडून बसवावे. चाळिशीपार उन्हाळ्यात आणि टँकरच्या दिवसांत पाणी कमी पडले की दाब आणि शुद्ध दोन्ही ढासळतात. तहान लागण्याची वाट न पाहता तासातासाला पेलाभर पाणी किंवा आंबील द्यावी. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

कोरडी भाकर घशात अडकते. वरणात किंवा कढीत कुस्करून मऊ काला करावा, शेंगदाण्याचे कूट, चिवडा टाळावा. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर ते घट्ट करून द्यावे. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आणि पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नये. जेवताना ठसका आणि पाठोपाठ ताप म्हणजे अन्न फुप्फुसात गेल्याची शंका. लगेच दवाखाना गाठावा.

शुश्रूषा करणारी बहुधा पत्नी असते, तीही साठीपुढची. तिची कंबर गेली की दोघेही अंथरुणाला लागतात. आठवड्यातल्या निदान दोन रात्री मुलगा, सून किंवा दीर यांनी जागवाव्यात. “आम्ही फोन करतो” ही मदत नव्हे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर शुश्रूषा करणाऱ्यालाही बोलता येते. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या यादीत पार्किन्सन्स आहे. ते निदान कागदावर असेल तर दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. तपासणीला नेताना सकाळची चांगली वेळ धरावी, आणि वाईट तासांत काय होते ते वहीत वेळेसह लिहून न्यावे, कारण डॉक्टरांसमोर माणूस बरेचदा चांगलाच बोलतो.