कागदावरचा डाग आधी पट्टीने मोजा

प्रिंटवर ठरावीक अंतराने तोच काळा ठिपका उमटू लागला, की ठाण्याचं वागळे इस्टेट असो वा नवी मुंबईचं बेलापूर, ऑफिसात पहिला उपाय ठरलेला: नवं कार्ट्रिज मागवा. ठिपका कधी जातो, कधी तसाच राहतो. खर्च करण्याआधी ड्रॉवरमधली साधी पट्टी घ्या आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. खराब भागाचं नाव बहुतेक वेळा तिथेच कळतं.

लेझर प्रिंटरमध्ये कागदावर छपाई होते ती फिरणाऱ्या रोलरांमुळे. पीसीआर (प्रायमरी चार्ज रोलर) हा छोटा रबरी रोलर ड्रमवर, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील थर दिलेल्या नळकांड्यावर, ऋण विद्युतभार चढवतो. अक्षर हवं तिथला भार लेझर उतरवतो आणि मॅग्नेटिक रोलरवरची टोनरची पूड नेमकी त्याच जागी चिकटते. ट्रान्स्फर रोलर कागदाच्या मागून धन भार देऊन ती पूड कागदावर ओढतो. शेवटी फ्यूजर साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला ती वितळवून दाबतो. यातल्या कुठल्याही रोलरवर ओरखडा असेल, तर प्रत्येक फेरीत तो एकदा उमटणार. म्हणजे बहुतेक रोलरांसाठी हे अंतर म्हणजेच रोलरचा परीघ, व्यास गुणिले ३.१४.

टेबलावरच्या अनेक छोट्या मोनोक्रोम प्रिंटरांत ड्रमचा व्यास २४ मिमी असतो, म्हणून डाग ७५ मिमीवर येतो आणि ए-४ कागदावर तीन-चारदा दिसतो. पीसीआर १२ मिमीचा असेल तर अंतर ३८ मिमी. फ्यूजरमुळे येणारं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, अनेक छोट्या मशीनमध्ये ते ५५ ते ६५ मिमीच्या दरम्यान असतं. आपल्या मॉडेलचं कोष्टक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतं; त्याची झेरॉक्स प्रिंटरच्या झाकणाला चिकटवून ठेवण्यासारखी आहे.

डागाऐवजी उभी रेघ असेल तर पट्टीचा उपयोग नाही. बारीक, सलग काळी रेघ म्हणजे ड्रमवर गोल फिरलेला ओरखडा किंवा ड्रमवरची उरलेली पूड खरवडणाऱ्या क्लीनिंग ब्लेडची धार तुटलेली. वारंवार रिफिल केलेल्या कार्ट्रिजमध्ये वेस्ट टोनरचा, म्हणजे खरवडलेल्या पुडीचा, कप्पा रिकामा केलेला नसतो, तोही भरून सांडतो. रिफिलवाल्याला हे मुद्दाम विचारा. उभा फिकट पट्टा दिसला तर आधी कार्ट्रिज आडवं धरून हलवा. तरीही फरक पडला नाही, तर लेझरच्या आरशावर किंवा काचेवर धूळ असू शकते. ते काम तंत्रज्ञाचं. लेझर आणि आरसे असलेल्या डब्याचं, म्हणजे लेझर स्कॅनरचं, झाकण चालू मशीनवर कधीच उघडू नये.

कार्ट्रिज दोषी की फ्यूजर, हे ठरवायची खात्रीची चाचणी म्हणजे छपाई अर्धवट थांबवणं. कागद निम्मा आत गेला की दार उघडा, कार्ट्रिज काढा, ड्रमचं शटर सरकवून मंद उजेडात पाहा. ड्रमवरची अक्षरं ठळक आणि स्वच्छ असतील तर दोष ट्रान्स्फर रोलरमध्ये किंवा फ्यूजरमध्ये. ड्रमला बोट लावू नका आणि उन्हात धरू नका, प्रकाशाने त्याचा थर खराब होतो.

ताज्या प्रिंटवर बोट घासून अक्षरं निघाली, तर संशय फ्यूजरवर. फ्यूजरमधली पातळ, नळीसारखी फिल्म, जिला बाजारात टेफ्लॉन म्हणतात, ती स्टेपलरच्या पिनेने किंवा अडकलेला कागद उलटा ओढल्याने फाटते. बदलताना प्लग काढून किमान अर्धा तास थांबा. आतलं जुनं ग्रीस पुसून उष्णतारोधक फ्लोरिन ग्रीसचा पातळ थर द्या. साधं ग्रीस त्या तापमानाला टिकत नाही. कागद फिल्मवर दाबणारा प्रेशर रोलर कडक झाला असेल किंवा त्यावर खाच पडली असेल तर तोही बदलाच, नाहीतर नवी फिल्म लवकर जाते.

पावसाळ्यात मात्र भाग बदलण्याआधी कागद बदलून पाहावा. शनिवार-रविवार एसी बंद राहिला की ठाण्याच्या दमट हवेत ट्रेमधला कागद ओलावा धरतो. ओलसर कागदातून भार निसटतो, म्हणून टोनर नीट उतरत नाही. फ्यूजरची उष्णता पाणी उडवण्यात जाते, म्हणून तो पक्का बसत नाही. शिवाय कागद वळतो, सुरकुततो. सोमवारी सकाळी सीलबंद रीम उघडून दहा पानं छापा. ती नीट आली तर प्रिंटर ठणठणीत आहे. उरलेली रीम तिच्याच वेष्टनात गुंडाळून ठेवा.

कागद उचललाच जात नसेल तर पिकअप रोलर पाहा. रबर चकचकीत झालं की पकड गेली. पाण्याने किंचित ओल्या कापडाने पुसून काही दिवस निघतात. पॉलिश पेपरने घासण्यात मात्र अर्थ नाही, रबर झिजून गोलाई बिघडते. दोन-तीन कागद एकदम येत असतील तर कागद एकेक सुटा करणारा सेपरेशन पॅड झिजला आहे. रोलर आणि पॅड जोडीनेच बदलावेत. दोन्ही नवे असूनही दुसरा कागद अर्धा ओढला जात असेल, तर पिकअप सोलेनॉइडवरचा (रोलरची फेरी सुरू-बंद करणारा छोटा विद्युतचुंबक) फोमचा तुकडा पाहा. उष्णता आणि दमटपणाने तो चिकट होतो आणि सोलेनॉइडची लोखंडी पट्टी वेळेवर सुटत नाही. तो सोलून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून तेवढ्याच जाडीचं पातळ फेल्ट लावावं. जागा उघडी ठेवली तर उरलेल्या चुंबकत्वाने पट्टी पुन्हा चिकटते.