विलक्षण रासायनिक घडणीचे उष्ण तारे

काही उष्ण ताऱ्यांच्या वर्णपटात सिलिकॉन, क्रोमियम, युरोपियम, पारा यांच्या रेषा भलत्याच ठळक दिसतात आणि हेलियम किंवा कॅल्शियमच्या मात्र फिक्या, अशांना रासायनिकदृष्ट्या विलक्षण तारे म्हणतात. बहुतेक ए आणि बी या उष्ण वर्णपट-वर्गांतले. व्याधसुद्धा सौम्य प्रमाणात यातच धरतात. पहिली नोंद बहुधा हार्वर्डच्या अँटोनिया मॉरी यांची, १८९७ ची, श्यामशबल तारकासमूहातल्या आल्फा ताऱ्याची. १९७४ मध्ये जॉर्ज प्रेस्टन यांनी चार गट पाडले: धातुरेषी, चुंबकीय, पारा-मँगनीज आणि हेलियम-क्षीण.

खरा वाद आहे तो कारणाचा. आधी काहींना वाटलं की पृष्ठभागावरच अणुप्रक्रिया होत असतील, काहींनी जोडताऱ्याच्या स्फोटातला माल अंगावर पडला असं मांडलं, पण १९७० मध्ये जॉर्ज मिशो यांनी विसरणाची, म्हणजे अणू हळूहळू वर-खाली सरकून वेगळे होण्याची, कल्पना पुढे आणली आणि आता पारडं तिकडेच झुकलेलं आहे. तारा सावकाश फिरत असेल तर वरचे थर ढवळले जात नाहीत, मग ज्या अणूंना भरपूर रेषा असतात ते प्रकाश शोषून त्याच्या दाबाने वर ढकलले जातात आणि हेलियमसारखे हळूहळू खाली बसतात, म्हणजे विचित्रपणा फक्त वरच्या सालीचा, आतला तारा नेहमीसारखाच. वर्णपट दाखवतो ती सालच, हे विसरून चालत नाही.

पाऱ्याची ३९८४ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) जवळची रेषा बघा. वृक समूहातल्या ‘काय’ (χ) या ताऱ्यात ती किंचित लांब तरंगलांबीकडे सरकलेली सापडते, कारण तिथला पारा जवळजवळ सगळा २०४ वस्तुमानांकाचा आहे, पृथ्वीवर हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा प्रकार) जेमतेम ७ टक्के. इतकी बारीक निवड विसरणातच शक्य वाटते, तरी तिचा पूर्ण हिशेब अजून जुळलेला नाही.

चुंबकीय गटात मूलद्रव्यांचे डाग असतात, तारा फिरला की रेषा बदलतात. अशा ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र पहिल्यांदा होरेस बॅबकॉक यांनी १९४७ मध्ये मोजलं.

सगळ्यात अवघड केस १९६१ ची, नरतुरंगातला प्शिबिल्स्कीचा तारा. यात लोखंडाच्या रेषा कमजोर, होल्मियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंच्या मात्र जोरदार. प्रोमेथियम सापडल्याचेही दावे झालेत, पण त्याचा सगळ्यात टिकाऊ समस्थानिक १७.७ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे तो ताऱ्यात कधीच संपून जायला हवा, आणि या वर्णपटात रेषा एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत की ती ओळख पक्की धरणं घाईचं वाटतं.