पेवातून पाकिटात: सांगलीच्या हळदपेठेची पार्श्वभूमी

सांगलीच्या वसंतदादा पाटील मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघाला की खरेदीदार पोत्यातून मूठभर हळकुंडं काढतो. दोन एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज येतो का ते ऐकतो, एक मोडून आतला रंग बघतो. ही तपासणी जुनीच आहे. अलीकडे तिच्या जोडीला एक प्रश्न आला आहे: कुरकुमीन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, किती? त्याचं उत्तर हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी नमुन्याची पुडी प्रयोगशाळेत जाते. हा प्रश्न यार्डात कसा शिरला हे समजून घ्यायचं तर गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात जावं लागतं, कारण या पेठेतल्या बहुतेक मोठ्या उलथापालथी तिथूनच सुरू झाल्या.

पूर्वी घरात हळद वर्षाची भरली जायची. नवा माल फेब्रुवारीपासून बाजारात यायला लागतो, आणि पाडव्यापासून पुढे, उन्हाळा तापला की चटणीच्या मिरच्यांबरोबर दोन-तीन किलो हळकुंडंही घरी यायची. ऊन देऊन ती उखळात फोडायची नाहीतर डंकावर कुटून आणायची आणि बरणीत भरायची. सबंध हळकुंडाचा मोठा गुण म्हणजे त्यात वीटपूड किंवा पीठ मिसळता येत नाही. फसवणूक व्हायची ती वरच्या रंगाची. म्हणून गिऱ्हाईक जे डोळ्यांनी पारखू शकत होतं त्यालाच भाव होता: लांबी, जाडी, झळाळी. सांगलीची राजापुरी ही जात याच पारखीवर मोठी झाली. जाड, भरदार हळकुंड, आतून केशरी पिवळं. गुजरात आणि राजस्थानात तिला हक्काचं गिऱ्हाईक होतं आणि अजून आहे.

या डोळ्यांच्या पारखीनं शेतापासून वखारीपर्यंतची सगळी कामं ठरवली होती. काढणीनंतर ओली हळद काहिलीत शिजवायची, उन्हात वाळवायची आणि पिंपात घोळून पॉलिश करायची. 100 किलो ओल्या हळदीतून 20 ते 25 किलो वाळकी हळद हाती येते. शिजवण कमी पडली तर हळकुंडाच्या पोटात फिकट गाभा राहतो आणि वाळवण लांबते. जास्त झाली तर रंग काळपट पडतो. दोन्ही दोष मोडल्यावर लगेच कळतात. पॉलिशच्या शेवटच्या फेऱ्यांत हळदपुडीचं पाणी शिंपडून चकाकी आणायची रीत होती, तिथवर ठीक. लोभी हातांनी त्या पाण्यात लेड क्रोमेट हा पिवळा रासायनिक रंग कालवला, आणि हळदीतली सर्वांत घातक भेसळ जन्माला आली, कारण त्यातलं शिसं शरीरात साठत जातं. झळाळीला पैसे मोजणारा बाजार असला की असं होतंच.

शहर म्हणून सांगलीची घडण 1801 नंतरची. चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले, सांगलीत राजधानी वसली आणि पुढे गणपती पेठेसारख्या व्यापारी पेठा वाढल्या. मिरज, वाळवा या पट्ट्यातली हळद तर इथे यायचीच, कराड-वाई-कोरेगावकडचीही यायची आणि कर्नाटकातूनही यायची. पिकवणाऱ्यापेक्षा साठवणारं आणि सौदा करणारं गाव ही सांगलीची खरी ओळख. ‘स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ या नावानं इथे हळदीच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचा, स्वतंत्र बाजार होता. राष्ट्रीय पातळीवर एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात हळदीचे वायदे 2004 मध्ये सुरू झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून.

या साठवणुकीचा कणा म्हणजे सांगलीलगतच्या हरिपूर आणि सांगलवाडीची पेवं, जमिनीखालची कोठारं. कृष्णाकाठची घट्ट, चिवट माती पाणी सहसा झिरपू देत नाही. त्या मातीत खोल खड्डा खणायचा. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. तळाला आणि भिंतींना पाचट, गवत, चटया यांचं जाड अस्तर द्यायचं, हळद ओतायची, वरून पुन्हा पाचट, मग फरशी आणि मातीचा लिंपा. आतली हवा थोड्याच दिवसांत संपते. हवा नाही म्हणून कीड जगत नाही, ऊन नाही म्हणून रंग उडत नाही. हळद अशी तीन-चार वर्षंही टिकायची. पेव उघडताना मात्र सावध राहावं लागे. आत साचलेला वायू जीवघेणा असतो, म्हणून तोंड काही तास उघडं ठेवायचं, दिवा सोडून तो विझत नाही ना ते पाहायचं आणि मगच माणूस उतरवायचा. यंत्र नाही, वीज नाही, धुरी नाही. शीतगृहांच्या आधीच्या काळात याहून स्वस्त साठवण शोधून सापडली नसती.

पेवाची एक अट मात्र होती. एकदा तोंड उघडलं की सगळा माल बाहेर काढावा लागे. निम्मी हळद काढून उरलेली पुन्हा बंद करून ठेवणं परवडत नसे, कारण हवा आत गेली की कीडही मागोमाग जाते. वर्षातून एकदा मोठी खरेदी करणारं गिऱ्हाईक, त्याच्यासाठी एकदम मोठा माल उचलणारा दूरचा व्यापारी, आणि भाव वाढेपर्यंत दोन-तीन वर्षं थांबू शकणारा साठेदार या तिघांच्या जोरावर पेव चालायचं.

त्यातलं पहिलं टोक सुटलं ते साधारण 1980 नंतर. कुटुंबं लहान झाली, फ्लॅटमध्ये वाळवणाला गच्ची उरली नाही, बाई नोकरीला लागली. मिक्सर घरोघरी आला, पण हळकुंड त्याच्या आवाक्यातलं नाही. फोडून टाकलं तरी पात्यांची धार जाते आणि पूड भरडच राहते. डंकावर जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. चटणीसाठी लोक तो अजूनही मोडतात, कारण चटणीची चव घराघराची वेगळी असते. हळदीला तसा घरचा अभिमान चिकटलेला नव्हता, म्हणून ती आधी सुटली. दूरदर्शनवर पाकीटबंद मसाल्यांच्या जाहिराती याच काळात सुरू झाल्या. पुढे कायद्यानंही सुटी हळदपूड विकायला बंदी घातली: दळलेले मसाले पाकीटबंद असल्याशिवाय विकता येत नाहीत. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत हे स्पष्ट आहे. आठवडे बाजारात ढिगातली पिवळी पूड अजून दिसते, ही गोष्ट वेगळी.

पाकीट आलं आणि यार्डातल्या भावांची जुनी उतरंड हलली. दळून टाकायचं असेल तर हळकुंड लांब आहे की आखूड, याला काय अर्थ? पूर्वी हळकुंडाच्या बऱ्याच खाली विकला जाणारा गड्डा, म्हणजे रोपाचा मूळचा गोल कंद, गिरणीवाल्याला तेवढाच कामाचा झाला. चकचकीत पॉलिशसाठी जादा पैसे द्यायला तो तयार नव्हता. पॉलिशमध्ये उडणारी साल म्हणजे त्याच्या लेखी गेलेलं वजन. माती आणि मुळ्या निघतील एवढं एक पॉलिश त्याला पुरे. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर सेलम ही दुसरी जात वाढली आणि राजापुरीचं क्षेत्र आक्रसलं. काहिलीत एका घाण्याला तास-दोन तास लागायचे. वाफेच्या कुकरवर तेच काम अर्ध्या तासाच्या आत होऊ लागलं, शिजवण सगळीकडे सारखी आणि जळण कमी. गिरणीला हवा होता तो एकसारखा माल, आणि तो वाफेनंच मिळतो.

पेवांचं काय झालं हे सांगताना बहुतेकजण 2005 च्या महापुराकडे बोट दाखवतात. ते खरंच आहे. कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं, हळद सडली, पुष्कळ पेवं ढासळली ती कायमची. 2019 मध्ये सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा उरल्यासुरल्यांचीही परीक्षा झाली. पण पूर आला नसता तरी पेव फार टिकलं नसतं. मसाला कंपनी दर महिन्याला ठरावीक माल मागते, नमुना पाहून मागते आणि तोही त्याच आठवड्यात. बंद पेवातला नमुना काढणार कसा? त्यामुळे माल वखारीत आणि शीतगृहात गेला. तिथे पोत्याला क्रमांक असतो, हवी तेवढी पोती काढता येतात आणि पावतीवर बँक कर्ज देते. वखारीतली हळद किडीला सोपी पडते म्हणून धुरी द्यावी लागते आणि भाडं दर महिन्याला चढतं, हा त्या सोयीचा खर्च.

सांगलीतल्या काही व्यापाऱ्यांनी विक्रीबरोबर स्वतः दळायला घेतलं. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. हळकुंड आधी हॅमर मिलमध्ये फोडून हरभऱ्याच्या डाळीएवढं करायचं, मग पल्वरायझर या बारीक दळणाऱ्या यंत्राला लावायचं. एका दमात बारीक करायला गेलं की यंत्र तापतं. सुगंध देणारं उडनशील तेल निघून जातं आणि पूड करपट रंगाची होते. दोन-तीन फेऱ्यांत, मध्ये थंड होऊ देत दळली तर वास राहतो. हळकुंडात ओलावा 10 टक्क्यांच्या वर असेल तर चाळणी बुजते आणि पाकिटात गुठळ्या होतात. दळणात आणि चाळणीत मिळून 100 किलोमागे तीन-चार किलो घट धरूनच हिशेब करावा. नवखे लोक चुकतात ते दोन जागी. स्वस्त पडते म्हणून कणी आणि चोरा, म्हणजे हळदीचे बारीक तुकडे आणि चुरा, दळतात; त्यात माती असते आणि राखेचं प्रमाण वाढतं. आणि पिवळा रंग बाहेरून दिसावा म्हणून पारदर्शक पिशवी घेतात. दुकानाच्या उजेडात कुरकुमीन झडतं आणि दोन महिन्यांत पूड फिकी पडते.

राखेचा मुद्दा किरकोळ नाही. हळदपुडीच्या मानकांत ओलावा 10 टक्क्यांच्या आत, एकूण राख 9 टक्क्यांच्या आत, आम्लात न विरघळणारी राख दीड टक्क्याच्या आत, स्टार्च 60 टक्क्यांच्या आत, कुरकुमिनॉइड (कुरकुमीन आणि त्याच्या जातीची रंगद्रव्यं) किमान 2 टक्के आणि लेड क्रोमेट अजिबात नको, असं बांधून दिलेलं आहे. पूर्वी माल वाईट निघाला तर अडत्याकडे तक्रार जायची आणि वजावट होऊन मिटायचं. आता पाकिटावरच्या 14 अंकी परवाना क्रमांकामागे जो असेल तो जबाबदार.

कुरकुमीन हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी यायला आणखी वेळ लागला. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत 1995 मध्ये दिलेलं पेटंट भारताच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करून घेतलं. रघुनाथ माशेलकर तेव्हा महासंचालक होते. त्या बातम्यांनी हळद औषध म्हणून चर्चेत आली, पण त्यानं किराणा यादी बदलली नाही. ती बदलली 2020 मध्ये. कोरोनाच्या साथीत आयुष मंत्रालयानं 150 मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद घ्या असं सुचवलं आणि पाकिटावर टक्केवारी शोधणारं गिऱ्हाईक दिसू लागलं. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातून आलेल्या फुले स्वरूपा वाणात कुरकुमीन 5 टक्क्यांच्या किंचित वर आहे. अशा वाणांना एकदम वेगळं बोलणारा खरेदीदार मिळाला.

व्यवहारात टक्केवारी मिश्रणानं साधतात. 3 टक्क्यांची राजापुरी 60 किलो आणि साडेचार टक्क्यांची सेलम 40 किलो मिसळली की 3.6 टक्के येतात. त्यासाठी प्रत्येक खरेदीचा नमुना वेगळा तपासून नोंद ठेवावी लागते. एकाच नमुन्यावर अख्ख्या हंगामाचा आकडा छापला की तो कधी ना कधी उघडा पडतो. भाजी-आमटीसाठी घेणाऱ्यानं या आकड्याच्या फार मागे लागू नये, असं आमचं मत. वास उडनशील तेलाचा असतो, कुरकुमिनाचा नव्हे, आणि ताजी दळलेली मध्यम हळद जुन्या ‘उच्च कुरकुमीन’ पाकिटापेक्षा फोडणीत सरस ठरते.

उधारीची साखळीही या सगळ्यात बदलली. वर्षाची हळद भरणारं घर होतं तोवर किराणा दुकानदार उन्हाळ्याआधी मोठी खरेदी करायचा आणि पैसे सावकाश फेडायचा. आज तो 100 आणि 200 ग्रॅमची पाकिटं आठवड्याच्या फेरीला घेतो. दळणाऱ्याला मात्र यार्डात हंगामात रोखीनं खरेदी करून माल वर्षभर थोडा थोडा विकावा लागतो. लहान ब्रँड बुडतात ते बहुधा इथे: नफा कागदावर असतो आणि भांडवल वखारीत अडकलेलं. बेदाण्यातही हेच झालंय. 15 किलोच्या पेटीत तासगावच्या सौद्यात विकला जाणारा माल आता पाव किलोच्या पाकिटात भरून विकण्याकडे कल आहे, आणि शीतगृहाचं भाडं कोणी सोसायचं हा तिथलाही रोजचा वाद.

भौगोलिक मानांकन सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये मिळालं. गिऱ्हाईक आता ‘कुठली?’ असं विचारतं, तेव्हा हे मानांकन उपयोगी पडावं. अडचण पेठेच्या जुन्या सवयीची आहे. सांगलीच्या यार्डातून गेलेली सगळी हळद व्यापारात सांगलीचीच म्हणवली जायची, मग ती कर्नाटकातली का असेना. आता मराठवाड्यात, विशेषतः हिंगोली-नांदेडकडे, हळदीचं क्षेत्र सांगलीच्या कितीतरी पुढे गेलं आहे. मानांकन मात्र ठरावीक पट्ट्यात पिकलेल्या मालालाच लागू होतं, आणि त्याची खूण पाकिटावर लावायची तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. म्हणजे वखारीत या हळदीची थप्पी वेगळी हवी, पोत्यावर शेतकऱ्याचं नाव आणि गट क्रमांकाची चिठ्ठी हवी, दळताना आधीच्या मालाची पूड यंत्रातून झाडून काढायला हवी आणि तुकडीची नोंद पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळायला हवी. सेलम-राजापुरी मिसळून चालेल, पण दोन्ही इथल्याच मातीतल्या असल्या पाहिजेत.