ब्लॅकआउट पडदा लावला की घर थंड होतं?

मुंबई-ठाण्याच्या टॉवरमध्ये पश्चिमेचा फ्लॅट घेतलेल्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘जाड, गडद ब्लॅकआउट ब्लाइंड लाव, खोली गार राहील.’ खोलीत अंधार होतो हे खरं, पण अंधार म्हणजे गारवा नव्हे.

ऊन काचेतून आत येतं आणि पडद्यावर पडतं. पडदा गडद असेल तर ते बहुतेक सगळं शोषून तापतो. तापलेला पडदा जी उष्णता बाहेर टाकतो, ती साध्या काचेतून आरपार जात नाही. काच आणि पडदा यांच्यामधली हवाही तापून वरच्या फटीतून खोलीत येते. म्हणजे ऊन अडलं, पण घरात शिरल्यावर!

म्हणून कापडाच्या जाडीपेक्षा काचेकडच्या बाजूचा रंग महत्त्वाचा. ती बाजू पांढरी किंवा चंदेरी असली की बरंचसं ऊन काचेतूनच परत फिरतं. खोलीकडून हवा तो रंग घ्या. दुकानात नमुना उलटा करून पाहाच.

सगळ्यात उत्तम म्हणजे ऊन काचेबाहेरच अडवणं. पण संध्याकाळचं तिरपं ऊन छज्जा अडवू शकत नाही आणि विसाव्या मजल्यावर बाहेर चिकाचा (बांबूच्या काड्यांचा) पडदा बांधणं वाऱ्यामुळे धोक्याचं. तिथे काचेला उष्णता परतवणारी फिल्म लावता येते. आधी सोसायटीला विचारा, आणि दुहेरी काच असेल तर काचवाल्यालाही, कारण चुकीच्या फिल्मने काच तापून तडकू शकते.

घरात लहान मूल असेल तर लोंबत्या दोरीचं ब्लाइंड कृपया घेऊच नका. त्या दोरीचा गळफास बसू शकतो.