अंतर्गत विस्थापन आणि मानसिक आरोग्य (नवी मुंबई परिसर)

देशाची सीमा न ओलांडता, पण मनाविरुद्ध घर किंवा गाव सोडावे लागलेल्यांना अंतर्गत विस्थापित म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८च्या मार्गदर्शक तत्त्वांत युद्ध आणि आपत्तींबरोबर मोठ्या विकास प्रकल्पांसाठी होणाऱ्या मनमानी विस्थापनाचाही विचार आहे. मराठीत यांना धरणग्रस्त, दरडग्रस्त, प्रकल्पग्रस्त म्हणतात. व्याधिग्रस्तातला ‘ग्रस्त’ तो हाच. सरकारी कागदावर मात्र गेलेली जमीन आणि मिळायचा भूखंड एवढाच त्याचा अर्थ उरतो.

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७०मध्ये सिडको हे राज्य सरकारचे शहर विकास महामंडळ स्थापन झाले आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. गावे मुख्यतः आगरी, कोळी, कराडी समाजांची. भातशेती, मिठागरे आणि खाडी ही त्यांची कमाई. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोबदल्यासाठी लढा उभा राहिला. १९८४च्या जानेवारीत जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती या लढ्यामुळे.

यातील बहुतेक गावठाणे जागेवरच राहिली. शेत गेले, खाजण (खाडीकाठची खारी जमीन) बुजले, चहूबाजूंनी शहर उभे राहिले, पण माणूस त्याच ओट्यावर बसलेला. व्याख्येप्रमाणे तो विस्थापित ठरत नाही, तरीही त्याचे जगणे पायाखालून निघून गेलेले असते. वाढत्या कुटुंबासाठी गावठाणालगत उठवलेल्या घरांना इथे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. ती नियमित होणार की पडणार, ही टांगती तलवार अनेक घरांवर दोन-दोन पिढ्या आहे. इतकी लांबलेली अनिश्चितता हे मनाच्या आजाराचे स्वतंत्र कारण मानायला हवे.

नवी मुंबई विमानतळाच्या वेळी मात्र पनवेल तालुक्यातील दहा गावे प्रत्यक्ष उठली. उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. ज्या खुणांवरून दिशा सांगायची, त्याच राहिल्या नाहीत.

मानसिक परिणाम सहसा तीन वाटांनी दिसतात : नैराश्य, चिंताविकार आणि आघातोत्तर ताण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त प्रदेशांत साधारण पाचातल्या एका व्यक्तीला मानसिक विकार असतो. तो आकडा प्रकल्पग्रस्तांना जसाच्या तसा लावता येत नाही. इथे बंदूक क्वचितच असते. असतो तो शोक. घर पाडले जाताना उभे राहून पाहावे लागते आणि हातात धनादेश असल्यामुळे रडायचीही चोरी होते. ‘पैसे मिळाले ना?’ हा प्रश्न सांत्वनाची वाटच बंद करतो.

तक्रार मनाची म्हणून क्वचितच येते. झोप नाही, छातीत धडधड, डोके जड, ‘जीव लागत नाही’. डॉक्टर रक्तदाब तपासतात, गोळी देतात. कोळीवाड्यातली वयस्क बाई तिथी ऐकली की भरतीची वेळ सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिचे हे ज्ञान कोणी विचारत नाही. पहाटे ती ओहोटीच्या वेळेला उठते आणि खिडकीशी बसून राहते. पुरुषांत, विशेषतः भूखंड विकून पैसा हाती आलेल्या पण काम नसलेल्या तरुणांत, दारू आणि कर्जाची गुंतागुंत दिसते. त्याकडे ‘पैसा चढला’ म्हणून बोट दाखवणे सोपे, पण अन्यायाचे आहे. बापाने नांगर धरला, मुलाला धरायला काहीच उरले नाही.

२०१३च्या भूसंपादन कायद्याच्या अनुसूचींत घर, वाहतूक खर्च, रस्ते, आरोग्य उपकेंद्र, प्रार्थनास्थळ, स्मशानभूमी आहे, समुपदेशन नाही. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१पासून आहे, पण ‘ठाण्याला नेले’ या शब्दांची भीती इतकी जुनी की लोक तिथवर जाणे टाळतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला. ऑक्टोबर २०२२पासून ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य उपक्रमाची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा मराठीतही मिळते.

उपचाराइतकाच उपयोग वस्ती एकत्र हलवण्याचा होतो. शेजारी शेजारी राहिला, गावकी टिकली, गावदेवीची पालखी नव्या गल्ल्यांतून त्याच क्रमाने फिरली, तर म्हातारी माणसे दारात येऊन बसू लागतात. सोडतीने घरे वाटली की आळी फुटते, आणि आजारी कोण पडले हे शेजाऱ्याला दोन दिवसांनी कळते.