स्टेंट भरणं वेगळं, स्टेंटमध्ये गुठळी होणं वेगळं

परवा रामबागेतले एक काका आमच्या मेडिकलच्या काउंटरवर जीन टेस्टचा कागद आपटून म्हणाले, "बघ रे, माझा स्टेंट पुन्हा भरणार असं निघालंय." कागदावर होतं सीवायपी२सी१९ या जीनचं नाव आणि पुढे *२/*२, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती *२ प्रकारच्या. स्टेंट भरण्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

सगळा घोळ 'ब्लॉकेज' या शब्दाचा. इंदुरात काहीही झालं तरी ब्लॉकेजच! अँजिओप्लास्टी काय असते ते सांगत बसत नाही, घरोघरी पाठ आहे.

स्टेंट भरतो तो सावकाश. अँजिओप्लास्टीत नस उघडणाऱ्या फुग्याने नसेला आतून इजा होते, ती बरी होताना स्नायूपेशी वाढतात. टाक्यांचा वण कुणाकुणाचा जाड होतो ना, तसंच. सहा-नऊ महिन्यांनी जिना चढताना छाती भरून येऊ लागते. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये शेकडा २० ते ३० जणांना हे व्हायचं. औषध लावलेले स्टेंट आल्यावर ते १० च्या खाली आलं.

गुठळी मात्र बघता बघता होते, बहुतेकदा पहिल्या ३० दिवसांत. क्वचितच होते, पण झाली की थेट हार्ट अटॅक.

काकांचा कागद या गुठळीबद्दल बोलत होता, तोही आडून. स्टेंटनंतर गुठळी होऊ नये म्हणून देतात ती क्लोपिडोग्रेलची गोळी पोटात जाते तेव्हा निकामीच असते. याच जीनवरून बनणारं यकृतातलं एन्झाइम तिला कामाला लावतं. *२ च्या दोन प्रती असल्या की ते एन्झाइम जवळजवळ बसूनच असतं, मग प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी करणारे कण, चिकटत राहतात. आपल्याकडे हा *२ काही दुर्मिळ नाही. अशा वेळी डॉक्टर टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल या दुसऱ्या गोळ्यांचा विचार करतात. म्हणजे टेस्ट गोळीची आहे, नसेची नाही.

नस पुन्हा अरुंद होणार का, हे सांगणारा जीनही लोकांनी शोधला. एसीई जीनचा बराच गाजावाजा झाला, पण पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. त्यापेक्षा शुगर, बारीक नस, लांबलचक किंवा नीट न उघडलेला स्टेंट, हे बघा. (दुसऱ्याच जागी नवी चरबी साचली तर तो तिसरा प्रकार, त्यात स्टेंटचा काय दोष?)

"काका, गोळी चालू आहे ना?"

"बंद केली. नाहीतरी चालतच नाही म्हणे."

स्टेंट टाकून तीन आठवडे झाले होते. गिऱ्हाईक थांबवलं आणि काउंटरवरूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.