झाडांची छाटणी व तोडणी (खानदेश)

झाडाची फांदी विचार करून कमी करणे, वाळलेली वा किडकी फांदी काढणे आणि दुसरा इलाज उरला नसेल तेव्हा अख्खे झाड सुरक्षितपणे आडवे करणे, या कामांचा या नोंदीत समावेश आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत हे काम शेतकरी स्वतः करतो, सालदाराकडून करून घेतो किंवा वखारीच्या ठेकेदाराला झाड उक्ते देतो. गावठाणात आणि शहरात नगरपालिकेची माणसे व वीज कंपनीचे लाइनमन ते करतात. पूर्वी कुऱ्हाड, कोयता आणि दोन माणसांनी ओढायची आरी एवढ्यावर भागत असे. आता खेडोपाडी चेनसॉ मशीन (इंजिनवर फिरणाऱ्या साखळीची करवत) पोचली आहे. दिवसाचे काम तासात होऊ लागले, तसा चुकीचा कापही तासातच होतो.

फांदी नेमकी कुठे कापायची, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची किंचित फुगीर वळी असते; तिला कॉलर म्हणतात. काप या वळीच्या लगेच बाहेर यावा. खोडाला घासून सपाट कापले की वळीच निघून जाते, जखम मोठी होते आणि कुज थेट खोडात उतरते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, त्यात वाळवी व भुंगेरे शिरतात. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवले की, झाडाचे कापलेले लाकूड पुन्हा भरून येत नाही. झाड त्या भागाला आतून बंदिस्त करते आणि वरून नवी साल चढवते. म्हणून जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासण्यात अर्थ नाही. फळबागेत छाटणीनंतर बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) लावतात, ती बुरशी रोखण्यासाठी. तिने जखम भरत नाही.

जड फांदी एका कापात तोडू नये. ती अर्धी कापली जाताच स्वतःच्या वजनाने खाली येते आणि खोडाची साल पार बुडापर्यंत सोलत नेते. बांधावरच्या कितीतरी निंबांवर असे लांबलचक व्रण दिसतात. खोडापासून सुमारे 30 सेंमी अंतरावर आधी खालून एकतृतीयांश काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी उतरवावी आणि उरलेला हलका खुंट शेवटी वळीजवळ सफाईने काढावा. एका वर्षात हिरव्या पसाऱ्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग काढू नये. म्हाताऱ्या झाडाचा त्याहून कमी. तारांना लागते म्हणून शेंडाच उडवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती वाईट आहे. त्या जागी फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांत ते जाड होतात आणि वळवाच्या वादळात तेच आधी कोसळतात.

खानदेशात वेळ पाळणे फार गरजेचे आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो. अशा दिवसांत दाट आंब्याची किंवा लिंबाची बाग मोकळी केली, तर आजवर सावलीत असलेली साल उन्हाने करपते, तडकते आणि तिथून खोडकिडा शिरतो. उघड्या पडलेल्या खोडाला चुना लावावा. आंब्याची विरळणी फळे उतरल्यानंतर करतात. लिंबू-मोसंबीत वाळलेली सल (मेलेल्या काड्या) आणि सरळ उभे वाढणारे पाणसोट बहार धरण्याआधी काढतात.

बोर मात्र याला अपवाद आहे. जळगावच्या मेहरूण भागाचे नाव ज्या बोराने सर्वदूर नेले, त्या झाडाची छाटणी भर उन्हाळ्यातच करतात. फळे संपली की बोर पाने गाळून विश्रांती घेते आणि फळ धरते ते नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या तर फळ बारीक होते व झाड नुसते काट्यांचे जाळे बनते. म्हणून एप्रिल-मेमध्ये मागच्या हंगामाची वाढ आखूड करतात, आत वळलेल्या व जमिनीला टेकलेल्या फांद्या बुडापासून काढतात. पाऊस पडताच जोमदार फूट येते. निघालेली काटी वाया जात नाही. तिचे कुंपण होते. बोरीत काम करताना जाड चामडी हातमोजे आणि चष्मा लागतोच, कारण तिचा एक काटा सरळ तर जोडीचा आकड्यासारखा वाकडा असतो आणि तो कपड्यासकट कातडी धरतो.

अंजनाचे झाड ही खानदेशच्या कोरड्या डोंगरांची ओळख. त्याचे लाकूड अतिशय जड व कठीण, पाला गुरांच्या कामाचा. चाऱ्यासाठी दरवर्षी तेच झाड ओरबाडले की त्याचा नुसता खांब उरतो. आलटून पालटून झाडे निवडली तर पालाही मिळतो आणि झाडही टिकते. अंजनावर चेनसॉची साखळी लवकर बोथट होते, याचा अंदाज ठेवावा.

बोथट साखळी ओळखणे सोपे आहे. धारदार साखळी लाकडाचे कीस फेकते, बोथट साखळी पिठासारखा भुसा. भुसा दिसू लागताच काम थांबवून गोल कानशीने प्रत्येक दात आतून बाहेर, एकाच कोनात, सारखे झटके मोजून घासावा. मशीनवर जोर देऊन कापत राहिल्यास पाते (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) तापते, इंजिनावर ताण येतो आणि माणूस थकून चुकतो. साखळी जमिनीला एकदा जरी टेकली तरी धार जाते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. म्हणून दोन्ही हातांची पकड, चालू स्थितीतला चेन ब्रेक (साखळी झटक्यात थांबवणारा), हेल्मेट, चष्मा व पायाला संरक्षक पँट यांना पर्याय नाही. शिडीवर उभे राहून किंवा खांद्याच्या वर उचलून चेनसॉ चालवू नये. उंचावरच्या बारीक फांदीला लांब दांड्याची करवत बरी. मात्र जवळ तार असेल तर लोखंडी दांडा वर नेऊच नये, आधी वीज कंपनीकडून लाइन बंद करून घ्यावी. चढण्यापूर्वी आग्या मोहोळ आणि ढोलीतली घरटी पाहावीत.

झाड पाडताना पडायच्या दिशेला व्यासाच्या चौथ्या ते पाचव्या भागाइतकी खोल खाच घेतात. मागचा काप खाचेपर्यंत न नेता व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी लाकडाची बिजागरी राखतात. तीच झाडाला दिशा देते. दोन्ही बाजूंनी घाव घालत दोराने ओढण्याच्या गावठी रीतीत ही बिजागरी उरत नाही आणि झाड कुठेही जाते. मागे तिरकस पळवाट आधीच मोकळी ठेवावी.

कायद्याने शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय स्वतःच्या अंगणातलेही झाड तोडता येत नाही. शहराबाहेर 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर व अंजन येतात.

चेनसॉ व ब्रश कटर (गवत-झुडपे कापायचे मशीन) बहुधा टू-स्ट्रोक असतात, म्हणजे त्यांच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावे लागते. पुस्तिकेत 50:1 प्रमाण दिले असेल तर एक लिटर पेट्रोलला 20 मिलि ऑइल, 25:1 असेल तर 40 मिलि. साखळीचे ऑइल वेगळे असते. ते दर वेळी इंधनासोबत भरावे. उन्हाळ्यातल्या धुळीमुळे एअर फिल्टर रोज साफ करावा. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओल शोषते. त्यामुळे मशीन पावसाळाभर ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून, आतले उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि साखळी ढिली करून ऑइलात भिजवून ठेवावी.